टू, सीसी आणि बीसीसी : ईमेलचे पत्ते टाकताना या चुका टाळा

हापूसचा हंगाम जवळ आला की बागायतदारांच्या घरी भावपत्रकं तयार व्हायला लागतात. देवगडपासून गुहागरपर्यंत आता बरेच जण दलालाला बाजूला ठेवून मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेटी विकतात, आणि ऑफिसात एकत्र पेट्या मागवणारी मंडळी भाव ईमेलवरच मागतात. मजकूर लिहिताना सहसा काही चुकत नाही. घोळ होतो पत्ते टाकताना. टू (ज्याला मेल लिहिला तो), सीसी (माहितीसाठी प्रत) आणि बीसीसी (इतरांना न दिसणारी प्रत) यातल्या कुठल्याही रकान्यात पत्ता टाकला तरी मेल पोचतोच, त्यामुळे फरक लक्षात येतो तो घोळ झाल्यावर.

सगळी गिऱ्हाइकं 'टू'मध्ये

टू आणि सीसीमधले पत्ते मेल मिळालेल्या प्रत्येकाला दिसतात. दोनशे गिऱ्हाइकांना असं भावपत्रक पाठवलं तर यादीही दोनशे जणांच्या हातात पडली. त्यात शेजारच्या वाडीतला दुसरा बागायतदार असेल, तर तुमची कैक हंगामांची जमवाजमव त्याला फुकटात मिळाली. वर कुणी रिप्लाय ऑल दाबून "गेल्या वेळी पेटीत चार आंबे नासके निघाले" असं लिहिलं, की ते दोनशे जण वाचणार. शिवाय लोकांनी आपला पत्ता तुम्हाला दिलेला असतो, एकमेकांना नव्हे.

अशा वेळी टूमध्ये स्वतःचा पत्ता टाका आणि बाकी सगळे बीसीसीत. बीसीसीतल्या प्रत्येकाला मेल जातो, पण त्या पत्त्यांची यादी मेलवर येत नाही. टू रिकामा ठेवूनही मेल जातो, फक्त काही ठिकाणी पत्त्याच्या जागी 'अनडिस्क्लोज्ड रेसिपियंट्स' (पत्ते उघड न केलेले) असं दिसतं आणि नवं गिऱ्हाईक बिचकतं. फोनवरच्या जीमेलमध्ये टूच्या ओळीच्या उजव्या टोकाला छोटा बाण असतो, तो दाबल्यावर सीसी आणि बीसीसी उघडतात. तो बाण न दिसल्यामुळेच निम्मे लोक सगळं टूमध्ये कोंबतात, असं माझं मत आहे.

यादी मोठी असेल तर आणखी एक अडचण. साध्या, फुकट जीमेल खात्यावरून एका मेलला 500 पेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत. मर्यादा ओलांडली की पाठवणं काही काळ बंद पडतं, कधी पूर्ण दिवसभर. टू, सीसी, बीसीसी सगळे धरून ही मोजणी होते. त्यामुळे यादीचे भाग पाडा आणि वेगवेगळ्या दिवशी पाठवा.

आणि भावपत्रक टूमधून आधीच गेलं असेल तर? गेलेला मेल परत येत नाही. जीमेलमध्ये 'अनडू'ची, म्हणजे पाठवणं लगेच रोखायची, सोय आहे, पण मुळात ती पाचच सेकंदांची असते. कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये जाऊन ती 30 सेकंद करून ठेवा. माफीचा मेल पाठवायचा असेल तर निदान तो तरी बीसीसीतून जाऊ द्या.

बीसीसीत कुणाला गुपचूप बसवणं

ही चूक जास्त महागात पडते. समजा, तारकर्लीला होमस्टे आहे. पाहुण्याने ऐनवेळी बुकिंग रद्द केलं आणि आगाऊ रकमेवरून वाद चालू आहे. मालक पाहुण्याला नम्र उत्तर लिहितो आणि मुंबईतल्या भावाला बीसीसीत ठेवतो, त्यालाही कळावं म्हणून. भाऊ लोकलमध्ये उभ्या उभ्या मेल वाचतो, रिप्लाय ऑल दाबतो आणि लिहितो, "एक पैसा परत देऊ नकोस त्याला." हे उत्तर मालकाला तर जातंच, टूमध्ये बसलेल्या पाहुण्यालाही जातं. बीसीसीतला माणूस इतरांपासून झाकलेला असतो, पण त्याच्या हातातलं रिप्लाय ऑलचं बटण चालूच असतं.

म्हणून घरच्या माणसाला दाखवायचं असेल तर मेल आधी पाहुण्याला पाठवा, मग सेंटमध्ये जाऊन तोच भावाला फॉरवर्ड करा. शिवाय पाहुण्याचं पुढचं उत्तर बीसीसीतल्या भावाला आपोआप जातच नाही, त्यामुळे 'त्याला सगळं कळत राहील' हा हेतूही साधत नाही. लांबलचक याद्यांसाठी बीसीसी उत्तम. माणसं लपवण्यासाठी मी ते वापरू नका असंच सांगेन.

अर्जात सगळेच साहेब 'टू'मध्ये

पाण्याच्या टाकीच्या गळतीची तक्रार ग्रामपंचायत, गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि आमदार अशा चौघांना टूमध्ये पाठवली, की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. कागदी अर्जात आपण हे बरोबर करतो : वर 'प्रति' म्हणून एक अधिकारी, खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून बाकीचे. ईमेलमध्येही तसंच ठेवा. ज्याने काम करायचं तो एकटा टूमध्ये, ज्यांना नुसतं माहीत असावं ते सीसीत. सीसीत दोन-तीन नावं पुरेत. दहा नावं टाकली की अर्ज धमकीसारखा वाचला जातो.

रिप्लाय की रिप्लाय ऑल

उलटी चूकही होते. देवळाच्या जीर्णोद्धाराचं कोटेशन येतं, मंडळाचे खजिनदार सीसीत असतात, कार्यवाह नुसता रिप्लाय दाबतात आणि तिथून खजिनदार गळतात. पुढे सभेत "मला कळवलंच नाही" वरून रामायण. पैशांचा विषय असेल तर उत्तर पाठवण्यापूर्वी वरची नावं एकदा वाचा.

दोन सावंत

आपल्याकडे एका वाडीत निम्मी घरं एकाच आडनावाची. जीमेल दोन अक्षरं टाकताच नाव सुचवतं, आणि ट्रान्सपोर्टवाल्या सावंतांचा हिशेब बँकेतल्या सावंतांना जातो. कॉन्टॅक्टमध्ये नावापुढे गाव किंवा धंदा लिहून ठेवा. पत्ता टाइप करताना 'जीमेल'चं स्पेलिंग चुकलं तर बहुतेक वेळा मेल पोचला नाही असा निरोप येतो. पण चुकीचा पत्ता खरोखर कुणाचा असेल तर काहीच परत येत नाही, मेल त्या अनोळखी माणसाकडे जातो.

पत्ते सर्वात शेवटी टाकायची सवय लावा. आधी मजकूर, मग अटॅचमेंट, मग पत्ते. अर्धवट मेल चुकून जायचा धोका त्याने टळतो. आणि रेंज नसलेल्या वाडीत असाल तर ती अडचण एकदा कामालाही येते : पाठवलेला मेल आउटबॉक्समध्ये अडकून राहतो. चूक ध्यानात आली तर लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका, आउटबॉक्स उघडून तो मेल काढून टाका आणि पत्ते नीट करून नव्याने पाठवा.