रायगडावरचा राज्याभिषेक रेंडर करताना या चुका टाळा

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या बहुतेक रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर बनवलेल्या थ्रीडी चित्रांत, राजसभेत लख्ख ऊन असतं आणि चूक तिथूनच सुरू होते. जेधे घराण्याच्या शकावलीनुसार, म्हणजे तारीखवार नोंदींनुसार, महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं अवकाश होता. हे दृश्य दिवट्या-समयांच्या उजेडाचं आहे.

सूर्योदयानंतरचा दरबार दाखवायचा असेल तर तारीख सांभाळा. ६ जून १६७४ ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय दिनदर्शिकेतली तारीख आहे; ती आजच्या दिनदर्शिकेच्या दहा दिवस मागे होती. म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सन पोझिशनमध्ये (तारीख-ठिकाणावरून सूर्य बसवणारं अ‍ॅड-ऑन) १६ जून भरा, अक्षांश १८.२३, रेखांश ७३.४४, टाइम झोन ५.५. सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो. सिंहासन पूर्वाभिमुख आणि समोर नगारखाना, म्हणून पहिलं ऊन सिंहासनाच्या डावीकडून तिरकं येतं. नगारखान्याच्या दारातून सरळ सिंहासनावर पडणारा सोनेरी झोत कितीही देखणा असला तरी खोटा आहे.

पहाटेच्या दृश्यात सन लाइट बंद ठेवा, वर्ल्डला, म्हणजे दृश्याभोवतीच्या आकाशाला, अगदी गडद निळा द्या. ज्योतीच्या बारीक मेशला (थ्रीडी आकाराला) एमिशन दिलं, म्हणजे तिलाच उजेड टाकायला लावलं, की पांढरे ठिपके उठतात, कारण इतका लहान उजेड किरणांना क्वचितच सापडतो. ज्योत दिसण्यापुरती ठेवा; उजेडासाठी २-३ सेंटिमीटर त्रिज्येचा पॉइंट लाइट (एका बिंदूतून चहूकडे पसरणारा दिवा), ब्लॅकबॉडी म्हणजे रंगाचं तापमान १९०० केल्विन. सगळं केशरी झालं तर दिव्याचा रंग बदलू नका, व्हाइट बॅलन्स ३००० केल्विनच्या आसपास आणा. सोनं काळं पडतंय? त्यात प्रतिबिंब उमटायला भोवती काही नाही. कॅमेऱ्याबाहेरही कापडी छत आणि समया ठेवा.

दिवट्यांचा धूर दाखवताना तो फार दाट झाला की आधी माप तपासा. राजसभा २२० बाय १२४ फूट, म्हणजे साधारण ६७ बाय ३८ मीटर. ब्लेंडरमध्ये व्हॉल्यूमची, म्हणजे धूर-धुक्याची, घनता दर मीटरला लागते, ०.१ ठेवली तर पलीकडची भिंत दिसतच नाही. ०.००३ पासून सुरुवात करा.

शेवटी आजच्या फोटोंवरून उचललेल्या वस्तू काढा. सिंहासनाच्या चौथऱ्यावरची मेघडंबरी, म्हणजे छत्री, आधुनिक आहे. गुलमोहर भारतात आला एकोणिसाव्या शतकात. उघडे काळे जोते हे भग्नावशेष आहेत. तेव्हा त्यांच्यावर लाकडी खांब आणि छपरं उभी होती.