पालिकेला सल्ला देणारी नागरिकांची पर्यावरण समिती : ती कशी चालवावी

पर्यावरणाची आस्था असलेले नागरिक एकत्र येतात, दरमहा बैठका घेतात, आयुक्तांना निवेदन देतात आणि त्या निवेदनाला आवक क्रमांक मिळाला की ते फाइलीत जाऊन पडते, असा अनुभव महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत येतो. याचा सगळा दोष प्रशासनाच्या अनास्थेवर टाकणे सोयीचे असले, तरी पुष्कळदा निवेदन चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या विभागाकडे गेलेले असते, आणि त्यातल्या मागणीसाठी अंदाजपत्रकात कोणतेही अर्थशीर्ष, म्हणजे खर्चाचे ठरलेले खाते, नसते. पालिकेला सल्ला देऊ इच्छिणाऱ्या समितीने म्हणूनच आधी पालिकेचे वर्ष कसे चालते हे शिकून घ्यावे.

पहिले काम म्हणजे कायद्याने नागरिकांना कोठे जागा दिली आहे ते पाहणे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करणे बंधनकारक आहे. आपल्या नगरपरिषदेत ती आहे का, तिचे सदस्य कोण आणि तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे लेखी विचारावे. तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत संविधानाच्या अनुच्छेद २४३-ध प्रमाणे प्रभाग समित्या असतात आणि महाराष्ट्राच्या कायद्यानुसार त्यांवर स्वयंसेवी व स्थानिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नामनिर्देशित करता येतात. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाडे तोडण्याच्या परवानग्या पाहणाऱ्या वृक्ष प्राधिकरणावरही जाणकार अशासकीय प्रतिनिधी घेण्याची सोय आहे. या जागा बहुधा राजकीय सोयीने भरल्या जातात हे खरे. तरीही नाव सुचवण्याचा अर्ज वेळेत आणि संस्थेच्या नोंदणीच्या कागदांसह दिलेला असावा, कारण न केलेल्या अर्जाबद्दल पुढे तक्रार करता येत नाही. जागा मिळाली नाही तरी समिती स्वतंत्रपणे काम करू शकते. फक्त आपले म्हणणे या अधिकृत समित्यांच्या विषयपत्रिकेवर यावे, यासाठी तिला एखादा नगरसेवक किंवा सदस्य गाठावा लागतो.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागील वर्षाचा पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. सल्ला देणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगले हत्यार क्वचितच सापडेल. मागच्या तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचावेत: कोणता आकडा दरवर्षी जसाच्या तसा उतरवला आहे, नदीच्या पाण्याचे नमुने कोणत्या ठिकाणी घेतले, मागच्या अहवालातल्या कोणत्या शिफारशीचे काय झाले, हे त्यातून दिसते. अहवाल बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतला असेल, तर त्याला कामाची व्याप्ती ठरवून देणारी कागदपत्रेही मागावीत. समितीची टिपणी एप्रिल-मे मध्ये, म्हणजे अहवालाचा मसुदा तयार होत असताना, पर्यावरण विभागाकडे पोहोचली तर तिचा उपयोग होतो. ऑगस्टमध्ये पोहोचलेली टिपणी पुढच्या वर्षाची वाट पाहत बसते.

अंदाजपत्रकाचेही असेच आहे. आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे हिवाळ्याच्या अखेरीस येत असले, तरी विभागांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात, त्यामुळे फेब्रुवारीतले निवेदन उशिराचेच ठरते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याची पद्धत सुरू केली. तेथे सुचवलेली कामे लहान, प्रत्येकी सुमारे पाच लाख रुपयांच्या आतली असावी लागतात. शहराचे हवामान त्यातून बदलणार नाही, पण पदपथ किंवा उद्यानातल्या पालापाचोळ्याचे खत या कामांना ती रक्कम पुरते आणि कामाचे नाव एकदा अंदाजपत्रकात छापले गेले की पाठपुराव्याला आधार मिळतो.

विकास योजनेतल्या आरक्षणात, म्हणजे उद्यान किंवा शाळेसारख्या कामासाठी राखलेल्या जागेत, पालिकेला बदल करायचा असेल, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खालील सूचनेनंतर हरकतींसाठी एक महिना मिळतो, आणि झाडे तोडण्याच्या नोटिशीवरची मुदत त्याहून कमी असते. म्हणून दोन सदस्यांकडे फक्त जाहीर सूचना वाचण्याचे काम द्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक समित्या नेमके तेच टाळतात.

आता प्रत्यक्ष सल्ला कसा लिहावा. ‘शहरातील वृक्षांचे संवर्धन करण्यात यावे’ या वाक्याला कोणताही अधिकारी आनंदाने मान्यता देईल, कारण त्याला त्यातून काहीच करावे लागत नाही. त्याऐवजी ‘रस्ते विभागाने पदपथाच्या प्रत्येक निविदेत झाडाच्या बुंध्याभोवती चारही बाजूंनी एक मीटर जागा काँक्रीटविना ठेवण्याची अट घालावी, आणि ही जागा मोजल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक काढू नये’ असे लिहिले, की कोणी, कोठे आणि केव्हा काय करायचे हे ठरते. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत एक मीटरचाच निर्देश दिला होता, त्याचा उल्लेख जोडल्यास मागणी लहरी वाटत नाही. एका पत्रात एकच विषय असावा, तो दोन पानांत संपावा, आणि खर्च किती व कोणत्या अर्थशीर्षातून, याचा ढोबळ अंदाज शेवटी द्यावा. खर्चाचा अंदाज चुकला तरी चालतो. तो दुरुस्त करण्याच्या निमित्ताने अभियंता चर्चेला बसतो.

माहिती गोळा करण्याच्या बाबतीत मात्र घाई नडते. जैवविविधता समितीचे मुख्य काम लोकांशी सल्लामसलत करून लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातल्या सजीवांची आणि त्यांविषयीच्या स्थानिक ज्ञानाची नोंद, तयार करणे हे आहे. हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून, त्यानंतर राज्यांवर दरमहा दंडाची टांगती तलवार ठेवल्यावर देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या; कागद पूर्ण झाला, पण मासेमार, गुराखी, वैदू, भाजी विकणाऱ्या बाया यांच्याशी बोलायला किती ठिकाणी वेळ मिळाला असेल, याची शंका येते. आपल्या गावाची नोंदवही मागवून घ्यावी आणि तिच्यातल्या ओढ्या-तळ्यांची नावे प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावीत. नोंदवही सुधारता येते, आणि बांधकामाच्या परवानगीवर हरकत घेताना तीच अधिकृत दस्तऐवज म्हणून पुढे करता येते.

समितीची रचना साधी ठेवावी, पण एका बाबतीत कडक असावे. पालिकेची रोपे, खत प्रकल्प, सौर दिवे किंवा सल्लागाराचे काम घेणारा सदस्य त्या विषयाच्या चर्चेत बसणार नाही, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे. एका आरोपाने सगळ्या समितीचा शब्द हलका होतो. समितीत निवृत्त अभियंते आणि प्राध्यापक आपोआप येतात, सफाई कामगार आणि वस्तीतल्या महिला येत नाहीत. त्यांच्यासाठी बैठकीची वेळ बदलावी लागते. मतभेद झाले तर शिफारशीखाली भिन्नमत नोंदवावे.

शिफारस दिल्यावर पोच घ्यावी आणि महिन्याभराने उत्तर विचारावे. नकार आला तर कारण मागावे: माहितीच्या अधिकाराच्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि रीतसर अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. तांत्रिक कारणाने नाकारलेली शिफारस दुरुस्त करून पुन्हा द्यावी. निधीच्या कारणाने नाकारलेली पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी पुन्हा मांडावी. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या, सर्वसाधारण सभाच नव्हती. अशा काळात सभागृहातल्या ओळखींचा उपयोग उरत नाही, आणि आवक क्रमांकासह जपलेली फाइल तेवढी नव्या अधिकाऱ्यापुढे ठेवता येते. ती फाइल एकाच सदस्याच्या घरी राहू नये, तिची एक प्रत प्रभागातल्या वाचनालयात ठेवावी.