इंजिन ऑईल घेताना या चुका टाळा: डबा उलटा करा, मागची बाजू वाचा

"दादा, एक वीस-चाळीस द्या."

आमच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर हे वाक्य दिवसभर चालू असतं. गाडी कोणती, साल कोणतं, असं मी विचारलं की बरेच जण म्हणतात, "द्या हो कुठलंही, ऑईल ते ऑईल." दीड लाखाची मोटरसायकल किंवा दहा-बारा लाखांची कार घेताना आपण महिनाभर चौकशी करतो आणि तिच्या इंजिनात जे फिरणार आहे ते अर्ध्या मिनिटात उचलतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण नीट वाचून डबा घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

जाडी म्हणजे दर्जा नाही

वीस-चाळीस, दहा-तीस, शून्य-वीस हे आकडे फक्त ऑईलची जाडी सांगतात. डब्यावर ते '२०डब्ल्यू-४०' असे छापलेले असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातलं वाहणं सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर किती जाडी टिकते ते. ऑईल इंजिनाला झिजेपासून आणि चिकट गाळापासून किती जपतं, हे त्या आकड्यांत कुठेच नसतं.

ते वेगळ्या अक्षरांत असतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, ही अक्षरं ठरवते. 'एस'ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी, 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. 'एस'नंतरचं अक्षर जितकं पुढचं, तितकी चाचणी नवी आणि कडक. एसएन २०१० सालचं, एसपी मे २०२० मधलं आणि सगळ्यात नवं एसक्यू ३१ मार्च २०२५ पासून लागू झालेलं. मधे एसओ दिसत नाही म्हणून गोंधळू नका, काही अक्षरं मुद्दाम सोडलेली आहेत. जीएफ-६, जीएफ-७ ही नावंही त्याच काळातली, अमेरिकी आणि जपानी कार कंपन्यांच्या मागणीवरून आलेली, आणि त्यांत इंधन बचतीची अटही असते.

आता डबा उलटा करा. मागे एक गोल खूण शोधा. तिच्या वरच्या कमानीत 'एपीआय सर्व्हिस' आणि ही अक्षरं असतात, मधोमध जाडी. डब्याच्या पुढच्या बाजूला 'अल्ट्रा', 'गोल्ड', 'प्रो' असं काहीही छापलेलं असू शकतं, त्याची कुठलीच चाचणी नसते.

गोल खूण नाही, नुसतं 'मीट्स एपीआय एसपी' लिहिलंय, म्हणजे ऑईल खोटं आहे असं नाही. तो कंपनीचा स्वतःचा दावा आहे, एपीआयचा परवाना नाही, एवढाच त्याचा अर्थ. परवाना असलेल्या ऑईलची यादी एपीआयच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. गाडीच्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेलं ऑईल असेल तर मी एवढं खोलात जात नाही. अनोळखी नावाचा स्वस्त डबा असेल तर जरूर जातो.

स्वस्त डब्यावरची जुनी अक्षरं

बाजारात अजूनही एसएफ आणि एसजी छापलेले डबे मिळतात, विशेषतः तालुक्याच्या आणि हायवेवरच्या दुकानांत. एपीआयच्याच तक्त्यात लिहिलंय की एसएफ १९८८ नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना चालत नाही आणि एसजी १९९३ नंतरच्या. आपली गाडी २०१८ची! शंभर रुपये वाचवून तीस वर्षांपूर्वीचा दर्जा इंजिनात ओतायचा, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

ट्रॅक्टर आणि जुन्या जीपवाल्यांचंही तेच. सीएफ-४ हे १९९० सालचं, आता रद्द झालेलं आहे. जुन्या डिझेल इंजिनाला सीएच-४ किंवा सीआय-४ बिनधास्त चालतं, जाडी मात्र गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकातलीच ठेवा.

कारचं उरलेलं ऑईल मोटरसायकलमध्ये

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती आमच्या घरात झालेली आहे. धाकट्या भावाची १५० सीसी मोटरसायकल. एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली तेव्हा सांगितलं गेलं, "कारचं एकदम नवीन, फुल सिंथेटिक टाकलंय, बघा कशी पळते." दोन दिवस गाडी खरंच मऊ वाटली. तिसऱ्या दिवशी मी मागे बसलो होतो आणि आम्ही आंबा घाट चढत होतो. भावाने ॲक्सिलरेटर पिळला, इंजिनाचा आवाज वर गेला, काटा सात हजारांवर, आणि गाडी मात्र चाळीसच्या पुढे सरकेना. पुढच्या वळणावर जळका वास आला. क्लच स्लिप मारत होता. खाली आल्यावर ऑईल बदललं, पण प्लेटा काळ्या पडल्या होत्या, त्या बदलाव्याच लागल्या.

कारण सरळ आहे. कारचा क्लच कोरडा, इंजिन ऑईलच्या बाहेर. मोटरसायकलच्या क्लच प्लेटा मात्र इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात, आणि गिअरही त्याच ऑईलवर चालतात. कारच्या पातळ ऑईलमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. गोल खुणेच्या खालच्या कमानीत 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' दिसलं तर ते याच जातीचं समजा. इंजिनाला ते छान, पण घर्षणावरच पकड घेणाऱ्या क्लचला घातक.

म्हणून मोटरसायकलसाठी एपीआयच्या जोडीला 'जासो', म्हणजे जपानी वाहन मानक संस्थेची खूण, बघायची. जपानच्या टी ९०३ या मानकात एमए, एमए१, एमए२ हे वर्ग ओल्या क्लचसाठी आहेत, त्यात एमए२ची पकड सर्वात चांगली. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं ऑईल. ते बिनगिअरच्या स्कूटरला योग्य, कारण तिचा क्लच ऑईलच्या बाहेर असतो. स्कूटरचा एमबी डबा मोटरसायकलमध्ये रिकामा करू नका. ताईची स्कूटर आणि दादाची बाईक एकाच घरात असेल तर दोन डबे वेगळेच घ्यावे लागतात.

थोडक्यात, एपीआय एसक्यू लिहिलेला पण जासोची खूण नसलेला डबा तुमच्या बाईकसाठी एसएन आणि एमए२ असलेल्या डब्यापेक्षा वाईट आहे. सगळ्यात नवं अक्षर मिळालं म्हणजे काम झालं, असं बाईकला चालत नाही.

टर्बो पेट्रोल कारला मात्र नवं अक्षर हवंच

हजार-बाराशे सीसीच्या टर्बो पेट्रोल गाड्या आता घरोघरी आहेत. गाडी भरलेली, कसाऱ्यासारखा चढ, गिअर चौथा आणि इंजिन पंधराशे-अठराशे फेऱ्यांवर, अशा वेळी स्पार्क पडण्याआधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. ऑईलचे थेंब आणि त्यातली कॅल्शियमची रसायनं याला हातभार लावतात. आतून हातोडा मारल्यासारखा ठोका बसतो, आणि पिस्टन तडकण्यापर्यंत मजल जाते. या दोषाची चाचणी आधी २०१८ मध्ये एसएन प्लसला आली, नंतर एसपीला. एसक्यूमध्ये ऑईल वापरून जुनं झाल्यावरही हे संरक्षण टिकतं का, तेही तपासतात. त्यामुळे टर्बो पेट्रोल असेल तर एसपीच्या खाली उतरू नका, आणि भरल्या गाडीने चढावर वेळेत खालचा गिअर टाका.

पुस्तकात एसएन लिहिलेल्या कारला एसपी किंवा एसक्यू चालतं, उलटं चालत नाही. फक्त जाडी स्वतःच्या मनाने बदलायची नाही. काही नव्या गाड्यांना ०डब्ल्यू-१६ लागतं. ते इतकं पातळ असतं की त्याची जीएफ-६बी, जीएफ-७बी अशी वेगळीच खूण आहे. ज्या इंजिनाच्या पुस्तकात १६ नाही, त्यात ते टाकू नका.

बीएस-६ डिझेल

१ एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी जळून जाते, पण ऑईलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती जाळीत साचतच जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं. पुस्तकात बहुधा एसीईए या युरोपीय वाहन कंपन्यांच्या संघटनेचा सी२, सी३ असा वर्ग लिहिलेला असतो. सी३मध्ये राख ०.८ टक्क्यांच्या वर चालत नाही. ट्रकसाठी आणलेलं सीआय-४ यात टाकलं तर पहिल्या वर्षी काहीच जाणवणार नाही, आणि मग जाळी बदलायचा खर्च हजारांत नाही, लाखाच्या आसपास ऐकायला मिळेल.

चुकीचं ऑईल टाकून झालंय, आता काय?

बाईकचा क्लच घसरतोय तर आधी क्लच वायरचा मोकळेपणा तपासा. तो बरोबर असेल तर लगेच ऑईल काढून एमए२ टाका, दोन-तीनशे किलोमीटरला पुन्हा एकदा बदला. तरीही स्लिप मारत असेल तर प्लेटा गेल्या.

डीपीएफवाल्या डिझेल कारमध्ये डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवर, ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारल्या की जाळी साफ करायला सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ऑईल बदलून घ्या, आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा.

दुकानात येताना पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. डबा आपल्यासमोर फोडायला लावा, झाकणाची रिंग तुटताना बघा. आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नका, त्यातच भेसळीचं ऑईल भरून परत विकलं जातं. स्क्रू-ड्रायव्हरने बुडाला दोन भोकं पाडली की तो डबा कोणाच्याच कामाचा राहत नाही.