लॅग शून्य दिसतोय? आधी ती ओळ आहे का बघा

डेटाबेसच्या कामात नवीन असताना माझ्याकडे पहिली स्वतंत्र जबाबदारी आली ती मॉनिटरिंगची. एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर), एक स्टँडबाय (त्याची मागोमाग अद्ययावत होणारी प्रत), दोन्हीकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस. "दोन्ही चालू आहेत ना आणि स्टँडबाय मागे पडत नाहीये ना, एवढंच बघायचं," असं सीनियरने सांगितलं. मला ते अर्ध्या दिवसाचं काम वाटलं आणि अर्ध्या दिवसात मी ते उरकलंही.

आधी यंत्रणा थोडक्यात. प्रायमरीवरचा प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये लिहिला जातो. वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग. (पहिले कित्येक दिवस माझ्या डोळ्यांपुढे भिंतच यायची.) हा लॉग सहसा १६ एमबीच्या फाइल्समध्ये साठतो. स्टँडबायवर एक प्रोसेस तो मागवून घेते आणि दुसरी तो स्वतःच्या डेटावर चढवते, म्हणजे रिप्ले करते. घेणं आणि चढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्कं डोक्यात ठेवा.

मी तीन तपासण्या लावल्या होत्या. पहिली, दोन्ही सर्व्हर ५४३२ पोर्टवर उत्तर देतात का. दुसरी प्रायमरीवर: पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन या व्ह्यूमध्ये (तयार तक्त्यात) प्रत्येक स्टँडबायची एक ओळ असते; तिथला रिप्ले लॅग, म्हणजे स्टँडबाय किती वेळ मागे आहे ते, पाच मिनिटांच्या वर गेला तर अलर्ट. तिसरी स्टँडबायवर: शेवटचा रिप्ले झालेला ट्रान्झॅक्शन (एकत्र नोंदलेले बदल) किती जुना आहे.

तिसरीने पहिल्याच रात्री झोप उडवली. रात्री प्रायमरीवर कोणी काही लिहितच नव्हतं, त्यामुळे शेवटचा ट्रान्झॅक्शन तासागणिक जुना होत गेला आणि लॅग वाढल्याचा अलर्ट आला. प्रत्यक्षात स्टँडबाय पूर्ण बरोबरीने होता. यावर सगळीकडे सापडणारा उपाय मीही उचलला: शेवटचं मिळालेलं आणि शेवटचं रिप्ले झालेलं वॉल-स्थान (लॉगमधली जागा) एकच असेल तर लॅग शून्य धरायचा. अलर्ट थांबले. मी खूश.

पुढे काही आठवड्यांनी सुरक्षेच्या नियमाप्रमाणे रेप्लिकेशन युजरचा (स्टँडबाय ज्या खात्याने प्रायमरीला जोडतो त्याचा) पासवर्ड बदलला गेला. स्टँडबायच्या कॉन्फिगरेशनमध्ये मात्र जुनाच राहिला. तेव्हा काहीच बिघडलं नाही, कारण आधीच जोडलेलं कनेक्शन पासवर्ड पुन्हा विचारत नाही. मग एकदा पॅचसाठी प्रायमरी रीस्टार्ट झाला. ॲप्लिकेशन परत जोडलं गेलं, स्टँडबाय मात्र बाहेरच राहिला.

आता माझ्या तपासण्या काय म्हणत होत्या बघा. पोर्ट उघडं, स्टँडबाय क्वेरींना उत्तरंही देत होता, फक्त जुन्या डेटावरून. प्रायमरीवरच्या व्ह्यूमध्ये जोडलेले स्टँडबायच दिसतात. कनेक्शन तुटलं की लॅग वाढलेला दिसत नाही, ती ओळच नाहीशी होते. माझी क्वेरी शून्य ओळी परत करत होती आणि शून्य ओळींतली एकही पाच मिनिटांच्या वर नव्हती. आणि स्टँडबायवर? जेवढं मिळालं होतं तेवढं सगळं रिप्ले झालं होतं, म्हणून दोन्ही स्थानं एकच, म्हणून लॅग शून्य. खोटा अलर्ट बंद करायला लावलेल्या उपायाने खराही गिळला होता.

तरी हे निदान मागे पडण्यापुरतं राहिलं असतं, पण आमच्याकडे रेप्लिकेशन स्लॉट होता. ९.४ आवृत्तीपासूनची ही सोय चांगली आहे: स्टँडबायने घेतलं नाही तोवर प्रायमरी ते वॉल पुसत नाही. स्टँडबाय परत येईल या आशेवर प्रायमरी फाइल्स जपत राहिला, डिस्क भरली आणि प्रायमरीच पॅनिक होऊन बंद पडला. आधारासाठी ठेवलेल्या स्टँडबायमुळे मुख्य सर्व्हर झोपला. स्टँडबायच्या लॉगमध्ये दर काही सेकंदांनी पासवर्ड चुकल्याची ओळ पडत होती. ती वाचायला कोणी नव्हतं.

अशा वेळी पीजी_वॉल फोल्डरमधल्या फाइल्स हाताने उडवायचा मोह होतो. अजिबात करू नका, डेटाबेस परत उभा राहीलच याची खात्री राहत नाही. आम्ही डिस्क थोडी वाढवली, प्रायमरी चालू केला, स्लॉट काढून टाकला. चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर) जागा मोकळी झाली. स्टँडबाय मात्र नव्या बेस बॅकअपवरून, म्हणजे प्रायमरीच्या पूर्ण प्रतीवरून, पुन्हा बांधावा लागला.

त्यानंतर मी पहिली तपासणी लावतो ती ओळींच्या संख्येची: जितके स्टँडबाय असायला हवेत तितक्या ओळी, त्याही स्ट्रीमिंग अवस्थेत. लॅग नंतर. मॉनिटरिंगच्या युजरला पीजी_मॉनिटर हा रोल (पोस्टग्रेस १० पासून आहे) द्यायला विसरू नका. नाहीतर ओळ दिसते पण बहुतेक रकाने नल, म्हणजे रिकामे, येतात, आणि नल कुठल्याही मर्यादेपेक्षा मोठा नसतो. गंमत म्हणजे सगळं सुरळीत असून प्रायमरी शांत असला तरी लॅगचे रकाने नलच होतात. म्हणून मी मिनिटांबरोबर वॉल-स्थानांमधला फरक बाइटमध्येही मोजतो.

स्लॉटसाठी वेगळी तपासणी हवी: स्लॉट ॲक्टिव्ह आहे का आणि त्याने किती वॉल अडवून धरलंय. १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज ही मर्यादा घालता येते. डीफॉल्ट अमर्याद आहे. मर्यादा घातली तर फार मागे पडलेला स्टँडबाय गमवावा लागेल, पण प्रायमरी वाचेल. माझ्या मते हा सौदा बहुतेक ठिकाणी बरोबरच आहे.

स्टँडबायवर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते हार्टबीट टेबल. प्रायमरीवर दर मिनिटाला एका ओळीत वेळ लिहायची आणि स्टँडबायवर ती वाचून किती जुनी आहे ते बघायचं. कनेक्शन तुटो, रिप्ले अडको, आकडा वाढतोच, आणि शांत रात्रीही खोटं बोलत नाही. दोन्ही सर्व्हरची घड्याळं जुळलेली हवीत, एवढीच अट.

रिप्ले अडकतो बहुधा लांबलचक रिपोर्टमुळे. स्टँडबायवरची क्वेरी आणि येणारा बदल यांची टक्कर झाली तर पोस्टग्रेस डीफॉल्टनुसार ३० सेकंद थांबून क्वेरी रद्द करतो. रिपोर्टवाल्यांच्या तक्रारीवरून कोणी ती मुदत अमर्याद केली असेल, तर वॉल येत राहतं आणि रिप्ले मात्र खोळंबतो.

कोण प्रायमरी आणि कोण स्टँडबाय हे मॉनिटरिंगमध्ये नावाने लिहून ठेवू नका. फेलओव्हरनंतर (स्टँडबायलाच प्रायमरी केल्यावर) भूमिका बदलतात. पीजी_इज_इन_रिकव्हरी हे फंक्शन सर्व्हरलाच विचारतं, तू रिकव्हरीत, म्हणजे स्टँडबाय म्हणून, चालतोयस का. दोघांनीही 'मी रिकव्हरीत नाही' म्हटलं तर दोन प्रायमरी झालेत, लगेच उठा.

आणि अलर्ट मुद्दाम वाजवून बघा. टेस्ट सेटअपवर स्टँडबायची वाट फायरवॉलने अडवायची आणि मोबाइलकडे बघत बसायचं. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा अलर्ट अगदी वेळेवर गेला, फक्त सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेल्या सहकाऱ्याच्या नंबरवर.