अकराला पाहुणे गेले, दोनला नवे येणार: मधल्या तीन तासांत घर कसं आवरावं

गोव्यातल्या मोरजी-मांद्रे भागात पर्यटकांना घर देणाऱ्यांची खरी झुंज वाळूशी आणि दमटपणाशी असते. कामाचा क्रमही त्यांच्याकडे बघूनच ठरवावा.

आत शिरताच दारं-खिडक्या सताड उघडा, पंखे लावा. विसरलेलं सामान आणि मोडतोड आधी बघून घ्या, फोटो काढून ठेवा. मग पलंग उघडे करा. चादरी खोलीत झटकू नका. वाळू आत राहील अशी गुंडाळी करून अंगणात न्या आणि तिथे झटका. गादी वाऱ्यावर उघडीच असू द्या. तिच्या शिवणीजवळ बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकणांची शंका घ्या.

चादरी-टॉवेल लगेच मशीनला लावा. सनस्क्रीनचे पिवळट डाग असतील तर मात्र ब्लीचला हात लावू नका. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर हेच डाग गंजासारखे तांबूस होऊन बसतात. भांड्यांचा पातळ साबण डागावर चोळा, पंधरा मिनिटांनी धुवा. पावसाळ्यात चादरी तीन तासांत वाळत नाहीतच. माझं ठाम मत, प्रत्येक पलंगाला तीन जोड हवेत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात.

मशीन चालू असताना न्हाणीघर उरका. मोरीची जाळी काढून वाळू हाताने उचला. पाणी ओतून ढकललीत तर ती पाइपात जाऊन बसते. संडासात आम्लाचं क्लीनर घातलंत तर त्यावर ब्लीच कधीही ओतू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. कामाला बाई येत असतील तर त्यांना हे स्वतः समजावून सांगा. सेप्टिक टँक असेल तर ब्लीच, फिनाईल बेतानेच वापरा. टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

स्वयंपाकघरात फ्रिज रिकामा करून पुसा, ओला-सुका कचरा वेगळा बांधा, रेग्युलेटर बंद करा.

केर सगळ्यात शेवटी, आतल्या खोलीपासून दाराकडे, आणि दोनदा. वाळू राहिलेल्या लादीवर ओलं फडकं फिरवलं की ओरखडे उठतात. सोफ्याच्या उशांखालीही झाडू घाला. बाहेर नळापाशी बादली, तांब्या आणि जाड पायपुसणं ठेवा, म्हणजे समुद्रावरून येणारा माणूस पाय धुऊनच आत येतो.

चादरी अंथरून झाल्या की खिडक्या लावा आणि पाच मिनिटं अंगणात थांबा. आत असताना नाक वासाला सरावलेलं असतं. परत शिरताना कुबट वास आला तर आधी कपाटं उघडा, मग एसीची जाळी काढून धुवा.