सिंकच्या नळाची फिरती मान बुडाशी गळत असेल तर

नळ बंद असताना थेंबही नाही, पण सोडला की फिरत्या मानेच्या बुडाशी पाणी झिरपून ओट्यावर थारोळं. टेफलॉन टेप गुंडाळून झाली, नट करकचून आवळला, वरून पुटीही लावली. वैताग नुसता! टेप आट्यांसाठी असते. इथे पाणी अडवतात ते आतले ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल कड्या.

आधी सिंकखालचा अँगल कॉक बंद केला (नसेल तर टाकीचा व्हॉल्व्ह) आणि नळ सोडून उरलेलं पाणी काढलं. सिंकच्या जाळीवर फडकं टाकलं. मानेच्या बुडाचा नट, ओरखडे नकोत म्हणून कापड गुंडाळून, पान्याने डावीकडे फिरवून सैल केला आणि मान सरळ वर ओढली. खाचेतले ओ-रिंग चपटे, कडक झालेले, बाजूला बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार. रिंग टूथपिकने काढा. ब्लेडने खाचेवर चरा पडला की गळती कायमची. क्षार व्हिनेगरच्या बोळ्याने पुसला.

जुनी रिंग हार्डवेअरवाल्याला दाखवूनच नवी घ्या, अंदाजाने नको. जाडीत जरासा फरक असला तरी एकतर मान बसत नाही, नाहीतर गळतं. नव्या रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला. खोबरेल लावू नका, काही रबर तेलाने फुगतं. मान किंचित फिरवत खाली दाबली, नट हाताने बसवून पान्याने जेमतेम पाव फेरा दिला आणि कॉक सावकाश उघडला. सांध्याभोवती टिश्यू धरून मान दोन्ही बाजूंना फिरवली, कोरडा.