बोटीचे पारदर्शक पडदे कसे जपावेत

बोटीच्या सुकाणूभोवती आणि बसण्याच्या जागेभोवती लावलेले पारदर्शक पडदे बहुतेक वेळा मऊ व्हिनाइलचे, म्हणजे पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात प्लास्टिसायझर मिसळल्यावरच ते गुंडाळता येण्याइतके लवचिक होते. ऊन, उष्णता आणि तीव्र रसायने यांमुळे हे द्रव्य हळूहळू निघून जाते आणि पडदा पिवळट, ताठर होऊन अखेर तडकतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचनांमागे हेच कारण आहे.

तरीही रोजच्या वापरात पडद्याचे सर्वाधिक नुकसान उन्हापेक्षा कोरड्या फडक्याने होते, असे माझे मत आहे. समुद्राच्या पाण्याचे तुषार वाळले की पृष्ठभागावर मिठाचे टोकदार कण उरतात, आणि त्यांवरून कोरडे फडके फिरवणे म्हणजे काचेवर पॉलिश पेपर घासणेच होय. म्हणून आधी भरपूर गोडे पाणी वरून खाली सोडावे, मीठ विरघळण्यास थोडा अवधी द्यावा आणि मगच सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेले मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचे फडके हलक्या हाताने फिरवावे. फडके वारंवार स्वच्छ पाण्यात खळबळावे, आणि ते डेकवर पडले तर दुसरे घ्यावे, कारण त्यात अडकलेला वाळूचा एक कणही लांबलचक ओरखडा उमटवतो. ब्रश, भांडी घासण्याची घासणी आणि कागदी टॉवेल वापरू नयेत. कडक उन्हात धुतल्यास साबण जागीच वाळून डाग पडतात, त्यामुळे सकाळची किंवा संध्याकाळची वेळ बरी. शेवटी पुन्हा गोडे पाणी सोडून मऊ फडक्याने, न घासता, पाणी टिपून घ्यावे.

घरातील खिडक्यांसाठीचा काच क्लीनर येथे चालत नाही. त्यातील अमोनिया किंवा अल्कोहोल व्हिनाइलला घातक असते. ॲसिटोन, थिनर आणि ब्लीच यांच्याबाबतही हेच लागू आहे. सहसा लक्षात न येणारा धोका मात्र माणसांच्या हातांचा असतो: सनस्क्रीन किंवा डास पळवणारे मलम लावलेल्या हातांचे ठसे पडद्यावर कायमचे राहू शकतात, म्हणून ते दिसताच साबणाच्या पाण्याने धुवावेत. पॉलिश लावायचे असल्यास ते पारदर्शक व्हिनाइलसाठीच बनवलेले असावे. काही पडद्यांवर कारखान्यातच संरक्षक थर दिलेला असतो आणि भलत्या पॉलिशने तो खराब होतो; तेव्हा उत्पादकाची सूचना आधी वाचावी. पॉलिशने बारीक ओरखडे झाकले जातात, खोल ओरखडे नाहीत.

उन्हात तापलेल्या धातूच्या नळ्या जेथे पडद्याला टेकतात, तेथे प्लास्टिकवर भाजल्यासारख्या रेषा उमटतात. नळ्यांवर फिकट रंगाच्या कापडाचे आवरण चढवल्यास हे बरेच टळते. पडद्याच्या चेनमधील (झिपमधील) मीठही गोड्या पाण्याने धुऊन काढावे आणि दातांवर मेण किंवा चेनसाठीचे वंगण लावावे. टिचबटण काढताना पडद्याची कड ओढण्याऐवजी बटणाच्या अगदी लगत बोटे घालून ते उचलावे, नाहीतर शिवण उसवते किंवा प्लास्टिक फाटते.

हंगाम संपल्यावर पडदे काढून ठेवताना ते पूर्ण कोरडे असणे अत्यावश्यक आहे, कारण ओलावा अडकला की शिवणीच्या कापडावर बुरशी धरते आणि व्हिनाइल दुधट दिसू लागते. पडद्याची घडी कधीही घालू नये. घडीची रेघ सहसा जात नाही आणि पुढे तेथेच चीर पडते. जागा असेल तर ते सपाट ठेवावेत, नसेल तर मध्ये स्वच्छ, पांढरी, मऊ सुती चादर घालून सैलसर गुंडाळावेत. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई व्हिनाइलवर उतरते. गडद रंगाच्या कापडाचा रंगही असाच लागतो, त्यामुळे पडद्याचे गडद काठ पारदर्शक भागावर दाबले जाणार नाहीत, हे पाहावे. कोणता पडदा कोठला हे कळण्यासाठी थेट प्लास्टिकवर मार्करने लिहू नये, काठाला कापडी चिठ्ठी बांधावी. गुंडाळ्यांवर ओझे ठेवू नये आणि पत्र्याच्या छताखालची तापणारी जागा टाळावी. पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकचे ताठ पडदे मात्र गुंडाळू नयेत. ते सपाट किंवा उभेच ठेवावेत.

थंडीत व्हिनाइल आखडते आणि ठिसूळ होते. अशा वेळी गुंडाळी जोराने उलगडू नये. ती आधी उबदार जागी ठेवून मऊ होऊ द्यावी. बसवताना वरची चेन प्रथम लावावी, आणि खालची बटणे जागेपर्यंत पोहोचत नसतील तर ओढाताण न करता पडदा थोडा वेळ उन्हात तसाच लोंबकळू द्यावा. ऊब मिळाली की तो सैल होतो आणि बटणे सहज लागतात.